शेड पाचची बदली

३ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! कुळगावात सुज्यानं घेतलेली खोली बघून आधी मी पोट धरून हसले. एका भिंतीला पाठ टेकून बसलं की पाय समोरच्या भिंतीला लागतात. पण खिडकी आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे? त्यानं पलंग मला देऊन स्वतः खाली चटई टाकलीय. नको म्हटलं तर म्हणतो, तायडे, तू आता साहेब माणूस, तुला खाली झोपवलं तर कंपनीत माझी इज्जत काय राहील. नालायक कुठला!

सुज्या म्हणजे माझा धाकटा भाऊ सुजित. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. त्याचा शेंबूड पुसण्यापासून त्याला आयटीआयला घालण्यापर्यंत सगळं मीच केलं, त्यामुळे मला तो भाऊ कमी आणि लेकरूच जास्त वाटतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवली गावाला लागून एक केमिकल कंपनी आहे, तिथे तो ऑपरेटर आहे. कंपनीला कॉम्प्युटरचं बघणारं माणूस हवं होतं, यानं माझं नाव पुढे केलं, आणि आजपासून मी कराडची किर्ती चक्क अंबरनाथची नोकरदार झाले.

सकाळी त्याच्या बाईकवर मागे बसून गेले. अंबरनाथ आलं हे आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. आमचे मॅनेजर दिपेश सर. त्यांनी मला चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. म्हणाले, बाकी सगळं राहू दे, आधी गेटवरचं हजेरीचं सॉफ्टवेअर बघ, त्यानं आमच्या नाकी नऊ आणलेत. ते फास्ट केलंस तर लगेच कायम करतो. मी मनात म्हटलं, एवढंच? आठवड्यात उडवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपार पाळी भरताना गेटवर उभी राहिले. गेटवर एक कॉम्प्युटर, त्यात हजेरीचं सॉफ्टवेअर. कामगारानं कार्ड लावलं की ते ऑफिसातल्या सर्व्हरला विचारतं, हा कोण, कुठल्या शेडचा, आणि उत्तर आलं की स्क्रीनवर नाव येतं. उत्तर येईपर्यंत माणूस तंबाखू मळून, चुना लावून, फक्की मारून मोकळा होतो. मी मुद्दाम बघितलं, एक काका खरंच झाले मोकळे. मागे रांग थेट रस्त्यापर्यंत, वर ऊन, आणि सगळे सॉफ्टवेअरला काय काय बोलतात ते मी इथे लिहिणार नाही.

हा नुसता उन्हाचा त्रास नाही, हे मला सुज्यानं समजावलं. या कंपनीचा एक कडक नियम आहे. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय ऑपरेटरनं जागा सोडायची नाही. पाळी संपो, घरी कुणी आजारी असो, मशीन एकटं टाकून हलायचं नाही. कारण आत जे उकळत असतं त्याला पाच मिनिटं एकटं सोडलं तर काय होईल सांगता येत नाही. त्यामुळे बाहेर रांग अडली की आतला माणूस ताटकळतो. बॉयलरवर हिंदुराव मामा आहेत, यंदा रिटायर होणार, त्यांना तर उभ्या उभ्या पायाला सूज येते. म्हणून सुज्या रोज लवकर जातो. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. आमच्या आईची सवय आहे ती, उतरलीय त्याच्यात.

गेटवर वॉचमन म्हणून जनूकाका असतात. मोरिवलीचेच, आगरी. मला पहिल्या दिवसापासून बाय म्हणतात आणि स्वतःच्या डब्यातला बोंबील खायला लावतात. सुज्याचा जोडीदार संतोषही भेटला, वांगणीहून येतो, सतत काहीतरी टवाळकी चालू. मला म्हणाला, ताई, सॉफ्टवेअर फास्ट करा पण जास्त नको, रांगेतच माझं लग्न जमायचंय. समोरच्या रांगेत लॅबमधल्या मुली असतात म्हणे! मजा येतेय मला इथे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! आज ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या.

हे सॉफ्टवेअर प्रत्येक कार्डाला सर्व्हरशी नव्यानं ओळख काढतं. एका माणसाचं काम झालं की दार बंद, पुढच्यासाठी परत दार वाजवा. हा एक गाढवपणा. पण खरा झोल वेगळाच. त्याच्या पोटात सर्व्हरचे दोन पत्ते आहेत, एक जुना आणि एक नवा. ते आधी जुन्या पत्त्यावर हाक मारतं. तिथे कुणी नाही. वाट बघतं, बघतं, थकतं, आणि मग नव्याला विचारतं. नवा बिचारा चुटकीसरशी उत्तर देतो. म्हणजे इतकी वर्षं सगळे नव्या सर्व्हरला शिव्या घालत होते आणि वेळ खात होता तो नसलेला!

जुना सर्व्हर कुठे होता म्हणून दिपेश सरांना विचारलं, तर शेड पाचमध्ये, एवढंच म्हणून ते फोनवर बोलायला लागले. शेड पाच आवाराच्या टोकाला आहे, काळी पडलेली, दाराला कुलूप. जनूकाकांना विचारलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. मग घरी आल्यावर सुज्यानं सांगितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जनूकाकांचा मुलगा धर्मेश त्या शेडचा ऑपरेटर होता. काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला त्याच्या बदलीचा माणूस इथल्या शंकराच्या देवळाच्या जत्रेत गेला तो आलाच नाही. धर्मेश नियमानं जागेवर थांबला. मशीनमध्ये बिघाड झाला, बाकीचे ओरडत बाहेर पळाले, हा वाल्व धरून उभा राहिला आणि स्फोट झाला. सर्व्हर त्यात जळाला. धर्मेशची एक चप्पल सापडली, बाकी काही नाही.

आणि मी त्या बापाला तोंड वर करून विचारत होते, काका, पाच नंबरला काय होतं हो?

९ फेब्रुवारी, रविवार

उल्हासनगरला गेलो, केबल आणि एक छोटा स्विच घ्यायला. दुकानदार सिंधी, साईं साईं करत त्यानं मला भाव करून दमवलं आणि शेवटी त्याच्याच भावात घ्यायला लावलं. मग आम्ही दाल पकवान हाणलं. सुज्यानं मला एक हिरवी ओढणी घेऊन दिली, स्वतःच्या पसंतीनं, भयंकर रंग आहे. उद्या तीच घ्यायला लावतो की काय म्हणून मी घाबरलेय. खूप दिवसांनी इतकी हसले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! जिंकले!

सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस दुबईला गेला आणि मूळ कोड कुणाला देऊन गेला नाही, त्यामुळे आतला जुना पत्ता मला पुसता येईना. मग मी उलटं केलं. तो जुना पत्ता आपल्या चालू सर्व्हरलाच देऊन टाकला. आता त्याच्याकडे दोन्ही पत्ते. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर हाक मारतं आणि पहिल्या हाकेला ओ मिळते. शिवाय एकदा उघडलेलं दार दिवसभर उघडंच राहील अशीही सोय केली.

दुपारी पाळी भरली तेव्हा कार्ड लावायचा अवकाश, नाव स्क्रीनवर! रांग अशी सरकली की लोक एकमेकांच्या पायावर पडले. संतोषनं शिट्टी वाजवली. हिंदुराव मामांनी आतून मुद्दाम माझ्यासाठी वडापाव पाठवला, पहिल्यांदाच वेळेवर सुटले म्हणून. दिपेश सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सुज्याची मान तर अशी ताठ झाली होती की मला काळजी वाटली, अवघडेल.

जनूकाका मात्र स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, बाय, आधी हा थांबायचा तेव्हा मना वाटं, कुनाची तरी वाट बघतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक विचित्र गोष्ट. सर्व्हरला कोण कोण जोडलंय ते बघत होते. गेट, स्टोअर, लॅब, ऑफिस, बरोबर. आणि आणखी एक कॉम्प्युटर. त्याचं नाव शेड-५.

तो एकच मागणी पाठवतोय. बदली मिळावी. परत परत, बदली मिळावी.

जुन्या काळची सोय आहे ती. पाळी संपली की ऑपरेटरनं एक बटण दाबायचं, सर्व्हर पुढच्या पाळीतला माणूस त्याला द्यायचा. आता कुणी वापरत नाही, पण नवा सर्व्हर लावताना जुने नियम जसेच्या तसे उचलले गेलेत. ही मागणी जात होती जुन्या पत्त्यावर, जिथे इतकी वर्षं ऐकायला कुणी नव्हतं. काल मी तो पत्ता चालू केला. आणि माझ्या सर्व्हरनं उत्तर देऊनही टाकलंय. बदली मंजूर, संतोष, शुक्रवार, दुपार पाळी.

सुज्याला घेऊन वायर शोधत गेले. शेड पाचच्या भिंतीपाशी वायर तुटलेली आहे, टोक लोंबतंय, आतलं तांबं हिरवं पडलंय. सुज्या म्हणाला, कुणीतरी तुझी फिरकी घेतंय, तायडे. असेल. या कंपनीत टवाळांची कमी नाही. त्या नावाच्या कॉम्प्युटरचा रस्ता मी सर्व्हरवर बंद करून टाकला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संतोष सापडत नाहीये.

दुपारी तो सुज्याबरोबरच आत आला. कार्ड लावलं तर स्क्रीनवर शेड ५ आलं. जनूकाका चपापले. संतोष हसून म्हणाला, ताईंनी माझी बढती केली. आत जाऊन सुज्या बुटाची नाडी बांधायला वाकला, वर बघतो तर संतोष आवाराच्या टोकाकडे चाललेला. सुज्यानं हाका मारल्या. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. सुज्या धावला, तोवर शेडपाशी कुणी नाही आणि दाराला कुलूप तसंच.

कुलूप तोडून आत बघितलं म्हणे. राख, कबुतरं, मोडकं टेबल, एवढंच. दिपेश सर म्हणतात, पोरगं पळालं असेल, लग्नाबिग्नाचं काही असेल. सर्व्हरवर संतोष आत आलेला दिसतो, बाहेर गेलेला दिसत नाही.

मी रस्ता बंद केला होता. मी स्वतः केला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार



सकाळी सर्व्हर उघडला. काल संतोष आत गेल्यानंतर लगेच एक माणूस बाहेर पडल्याची नोंद आहे. धर्मेश. शेड ५. पाळी संपली.

गेटवर धावत गेले तर जनूकाका हुंदके देत होते आणि हसतही होते. काल पाळी भरल्यावर धर्मेश आला म्हणाले. एका पायात चप्पल. गेटबाहेरच्या बाकावर, जिथे कामगार रिक्षाची वाट बघतात, तिथे बसला. बापाकडे बघितलं, दमल्यासारखं हसला, आणि मग बाकावर कुणी नव्हतं. माजा पोर घरा गेला गो बाय, घरा गेला, असं म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले.

मला त्यांना विचारायचं होतं, मग संतोष कुठे आहे? नाही विचारू शकले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जुना पत्ता काढून टाकला. मरू दे माझं कौतुक, उभी राहू दे रांग. गेटवर जाऊन थांबले आणि देवाला म्हटलं, आता हे सॉफ्टवेअर पुन्हा अडू दे.

अडलं नाही. कार्ड लावलं, नाव आलं. मी परत जाऊन तपासलं, जुना पत्ता खरंच काढलेला आहे. सर्व्हरची केबलच उपटली. तरी गेटवर नाव येतंय. सर्व्हर माझ्या समोर आंधळा, मुका, आणि जुन्या पत्त्यावरून कुणीतरी उत्तर देतंय. पटापट. माझ्यापेक्षा पटापट.

दिपेश सर खूश आहेत. मी रडत सांगितलं तर म्हणाले, मॅडम, दोन दिवस सुट्टी घ्या, झोप काढा, तुम्ही चांगलं काम केलंय.

शेड-५ ची मागणी परत सुरू झालीय. या वेळी पाठवणाऱ्याचं नाव संतोष.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिंदुराव मामा गेले.

सकाळी शेड-५ च्या बदलीवर त्यांचं नाव लागलेलं दिसलं. मी बॉयलरवर जाऊन त्यांचा हात धरला, मामा घरी जा, आत्ता जा. ते हसले. पोरी, बॉयलर काय तुझा बाप बघणार? माझी बदली येऊ दे मग जातो. दुपारी बदली आली. गेटकडे निघालेले मामा मध्येच वळले, शेड पाचकडे. मी त्यांचा शर्ट पकडला होता. शर्टाचं बटण राहिलं माझ्या मुठीत.

आणि बाहेर बाकावर संतोष बसलेला. मांडीवर टिफिनची पिशवी, डोकं मागे भिंतीला टेकलेलं. सुज्या आनंदानं ओरडत गेला त्याच्याकडे. खांद्याला हात लावला आणि तो कलंडला. अंग गार. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय पंचवीस.

असं सुटतात तिथून. असं सुटतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुज्याला सगळं सांगितलं. पाया पडले, गावी चल म्हटलं. आधी घाबरला तो. मग म्हणाला, तायडे, मामा आत एकटे उभे असतील ना? त्यांच्या पायाला सूज येते गं.

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो खाली चटईवर भिंतीकडे तोंड करून पडलाय. देवा, याला आईसारखं मन का दिलंस?

२४ फेब्रुवारी, सोमवार

मागणी. पाठवणारे हिंदुराव.

बदली मंजूर. सुजित. बुधवार, दुपार पाळी.

बुधवारी महाशिवरात्र आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नाव पुसलं. परत आलं.

खोटं नाव टाकलं, जगात नसलेलं. गेलं. सुजित परत.

मेलेल्या माणसाचं नाव टाकलं. नाही घेतलं. कंपनीचं कार्ड असलेला जिवंत माणूसच हवा त्याला.

रिकामं ठेवलं— सुजित. सर्व्हर बंद केला— तरी स्क्रीनवर सुजित. सुज्याचं कार्ड चुलीवर— गॅसवर धरून जाळलं. सुजित.

मग मी दिपेश सरांचं नाव टाईप केलं. ते राहिलं. हललं नाही. म्हणजे दुसऱ्याचं चालतं. नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. त्यांच्या टेबलावर त्यांच्या मुलीचा फोटो आहे, दोन वेण्या. मी किती वेळ बसले माहीत नाही. पुसलं.

कुणाचं टाकू? ज्याचं टाकीन त्याच्या घरीही कुणी चटईवर झोपत असेल—

२६ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

ठरलं. आता मला थोडं शांत वाटतंय, म्हणून नीट लिहिते.

नाव माझंच टाकलं. किर्ती. टिकलं.

साखळी कशी तुटेल ते माझ्या लक्षात आलंय. आत बसलेला माणूस बटण दाबतो, म्हणून पुढचा येतो. धर्मेशनं दाबलं, संतोषनं दाबलं, मामांनी दाबलं. त्यांना काय दोष द्यायचा, घरी जावंसं कुणाला नाही वाटत? पण मी दाबणार नाही. बसून राहीन. मग कुणाचंच नाव लागणार नाही.

सुज्याला पहाटेच वांगणीला पाठवलं. संतोषच्या आईला दवाखान्यात न्यायचंय, तिचं कुणी नाही, असं सांगितलं. लगेच उठला. जाताना मी त्याचे केस हातानं बसवले तर म्हणाला, मी काय शाळेत चाललोय? हिरवी ओढणी घेतलीय मी आज. बघून खूश झाला वेडा.

रस्त्यावर देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी. हातात बेलाची पानं, पोरांच्या तोंडात पिपाण्या. मला खूप भीती वाटतेय. आई गं, खूप वाटतेय.

दुपार, गेट

जनूकाकांना सांगितलं. काहीही झालं तरी सुजितला कळवायचं नाही, शपथ घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शपथ घेतली नाही. म्हणाले, बदलीशिवाय कुनाला आत ठेवू नये गो बाय. मी म्हटलं, काका, माझी बदली नकोच आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. बाप बघतो तसे.

कार्ड लावलं. नाव लगेच आलं. शेड ५.

पाय आपोआप चाललेत. वही हातात आहे—

आत

कुलूप नव्हतं. राख नाही, कबुतरं नाहीत. सगळं चालू आहे. मोठं भांडं उकळतंय, पाइप थरथरतायत. गरम, गोडसर वास.

मामा होते. वाल्व धरून. पाय सुजून बुटाबाहेर आलेले. मला बघून रडायला लागले. तरी चार्ज नीट दिला, नियमानं. पाण्याचा वाल्व सोडू नको, काटा लाल रेषेपुढे जाऊ देऊ नको. मग टोपी काढली आणि गेले. दारातून बाक दिसतो. मामा बसले. डोकं टेकलं.

आता एक हात वाल्ववर. दुसऱ्यानं लिहितेय. लिहीत राहिलं की ओरडावंसं वाटत नाही.

टेबलावर जुना कॉम्प्युटर. वायर कशालाच नाही. स्क्रीनवर विचारतोय, बदली हवी?

नको.

परत. बदली हवी?

नको, नको म्हटलं ना!

हात भाजतोय. सोडता येत नाही, बोटं उघडतच नाहीत. धर्मेशनं इतकी वर्षं— कसं रे उभा राहिलास बाबा—

बदली हवी?

बटण बोटाजवळ आलंय. मी सरकवलं नाही, ते आलंय. नाही दाबणार. सुज्या आत्ता दवाखान्यात असेल. केसपेपर काढत असेल. म्हातारीला चहा पाजत असेल. मी नाही दाबणार.

स्क्रीन थांबला. विचारायचं थांबला. जिंकले की काय मी—

नाही

बाहेरून बाईकचा आवाज. तो आवाज मला कुठेही ओळखू येतो.

जनूकाका, का फोन केलात? का हो?

दारातून दिसतोय. गेटवर. घामानं भिजलाय. काका त्याच्याशी बोलतायत, हात जोडून. तो मान डोलावतोय. तसंच डोलावतोय, जसं मी काम सांगितल्यावर—

मी ओरडतेय. आवाज बाहेर जात नाहीये. मी बटण दाबलं नाही सुज्या, तुला कुणी बोलावलं नाही, नियमच नाही हा—

कार्ड जळलंय त्याचं. कार्ड नाही. येऊच शकत नाही तो. काका कीबोर्डवर वाकलेत. एक एक अक्षर— हातानं नाव—

अड. अड रे बाबा. पहिल्यासारखा अड. माणूस तंबाखू मळून होईपर्यंत अड, तेवढ्यात मी बोटं तोडून घेते, पळत जाते, त्याला—

सुजित. शेड ५. हजर. इथल्या स्क्रीनवरसुद्धा.

लगेच आलं. मीच केलंय ते लगेच.

येतोय. लवकर लवकर येतोय, हसतोय, मला ताटकळत नको म्हणून— सुज्या मागे फिर— मी नाही सोडणार वाल्व, नाही सो— बोटं उघडतायत— देवा माझी बोटं आपोआप उघ— सुज्या हात नको लावू, पाणी— काटा लाल रेषे— नको माझ्या बाळा त